स्लॅबवरची येळवस

चिटगुप्प्यात आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला कुणी नवखा माणूस आला, तर त्याला वाटेल वर स्लॅबवर भांडण जुंपलंय. भांडण नसतंय ते. आम्ही झाडांना पाणी घालत असतो. तीन घरं, तीन स्लॅब आणि तिघांचं एकदम बोलणं. एक मी. दुसरे बोळाच्या पलीकडचे वीरण्णा. तिसरी माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी राजूबाई. बोलणं सगळं झाडांचं आणि आभाळाचं. पाण्याचं म्हणाल तर ते नळाला चार दिवसांतून एकदा येतं, म्हणून आम्ही पाणी कमी घालतो आणि बोलतो जास्त.

वीरण्णांनी बत्तीस वर्षं सरकारी बसमध्ये तिकिटं फाडली. रिटायर झाल्यावर पोरानं मोबाईल घेऊन दिला, तेव्हापासून आमच्या गल्लीचं हवामान त्यांच्या ताब्यात आहे. मोबाईलात ढग दिसला की ते छत्री घेतात. ऊन दिसलं की बाकीची गल्ली छत्री घेते. त्यांच्या स्लॅबवर दोन गुलाब आणि एक टमाट्याचं झाड, पण तीन स्लॅबना पुरून उरतील एवढे सल्ले.

मी नेत्रावती. आमचं हुमनाबाद रस्त्याला पाच एकर रान आहे आणि आमच्या मालकांचं, म्हणजे प्रशांतकुमारांचं, खताचं आणि औषधाचं दुकान आहे. त्यामुळे मला शेतीतलं सगळं कळतं असं मी धरून चालते. माझ्या स्लॅबवर एक लिंबू आहे. नऊ वर्षांत त्याला एकही लिंबू लागलेलं नाही, पण तो विषय आमच्याकडे काढत नाहीत.

आणि राजूबाई. वय त्रेसष्ट, अंगानं काडी, आवाज मात्र शाळेच्या घंटेएवढा. बावीस वर्षं तिनं सरकारी शाळेत दुपारचं जेवण शिजवलं. त्यामुळे तिला चार माणसांचा स्वयंपाक जमत नाही, कमी केला तरी चाळीस जणांचा होतो. मला ती नेत्रा म्हणते आणि मी तिला तुमी म्हणते, एवढाच माझा मोठेपणा.

सकाळचं आमचं बोलणं असं चालायचं.

"नेत्रा, आज आभाळ कसं दिसायलंय?"

"आभाळासारखं दिसायलंय."

वीरण्णा मोबाईल डोळ्याशी धरून म्हणायचे, "आज वीस टक्के पाऊस दाखवायलाय."

"वीस टक्के म्हंजे कसं वो अण्णा? पाच बादल्या ठिवल्या तर एका बादलीत पडतोय का?"

राजूबाई हे चेष्टेनं विचारत नसायची. तिला खरंच हवं असायचं. वीरण्णा मग गंभीर होऊन सांगायचे, की ते मशीनचं गणित असतं, बाईमाणसाला सांगून उपयोग न्हाई. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

आता हिला पावसाची एवढी काळजी कामून, ते सांगते. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. दुकानं बंद, बाजार बंद, सगळा गाव रानात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, तिळाच्या पोळ्या असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. वाल, वाटाणा, तुरीचे दाणे, ओला हरभरा, मेथी, गाजर, कांद्याची पात, रानात जे जे हिरवं आहे ते सगळं चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात शिजवलेलं. आणि आमची रीत अशी, की ज्याला रान नाही त्याला रान असणाऱ्यानं बोलवायचं. येळवसला आम्ही कुणालाही उपाशी ठेवत नाही, हे आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना फार कौतुकानं सांगतो.

राजूबाईला रान नव्हतं. म्हणजे होतं, पण नव्हतं. तिचं माहेर औरादकडचं ठाणाकुशनूर. बापाचं साडेतीन एकर. बाप गेल्यावर दोघा भावांनी तिला नवी साडी नेसवली, तालुक्याला नेलं, हिस्सा सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतली आणि येताना उसाचा रस पाजला. "मला सही करता येतीय ह्याचाच मला लई आनंद झाला हुता," असं ती स्वतः सांगते. त्यानंतर दोन वर्षं भावांनी येळवसला बोलावलं. तिसऱ्या वर्षी निरोप आला, यंदा पाव्हणे लई हैत, फुडच्या साली ये. ते पुढचं साल अजून उजाडायचं आहे. नवरा रामकिशन शिंपी, बाजारात दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून बसायचा. त्याची जमीन म्हणजे मशीनच्या खाली येईल तेवढी, आणि तीही दुकानवाल्याची.

म्हणून तीस वर्षं ही माणसं येळवसला दुसऱ्यांच्या रानात जेवली. एका वर्षी आमच्या, एका वर्षी वीरण्णांच्या, कधी पाटलांच्या, कधी शाळेतल्या सरांच्या. रामकिशन आणि पोरगा हरिओम जेवायला बसायचे, आणि राजूबाई आल्या आल्या पदर खोचून कामाला लागायची. उंडे वळायची, वाढायची, भांडी घासायची. आम्हाला बरंच होतं ते. आमच्या घरच्या बायका त्या दिवशी नवी साडी नेसून फोटो काढतात.

सहा वर्षांमागं रामकिशन गेला. हरिओम हैदराबादला नोकरीला लागला, त्यानं पैसे पाठवून जुन्या पत्र्याच्या जागी स्लॅब टाकून दिला. त्या वर्षीच्या येळवसला जेवणं झाल्यावर राजूबाई आमच्या मालकांना म्हणाली, "अप्पा, एक पिशवी माती न्हेऊ का?"

"न्या की. मातीला काय पैसे पडायलेत?" मालक म्हणाले. फुकटच्या गोष्टीत त्यांचा हात मोठा मोकळा.

दुसऱ्या वर्षी वीरण्णांच्या रानातून दोन पिशव्या. मग पाटलांच्या. लोक येळवसहून भज्जीचा डबा घेऊन येतात, ही बाई माती घेऊन यायची. आम्ही हसायचो. पाच वर्षांत तिनं रंगाचे डबे, थर्माकोलचे खोके, कापलेले पिंप, एवढंच काय, एक बिघडलेला फ्रीज आडवा पाडून त्यात माती भरली. फ्रीजमध्ये गाजरं. पिंपात तूर. जिन्याच्या दारावर वालाचा वेल. मी म्हटलं, राजूबाई, स्लॅब खाली येईल. म्हणाली, "आला तर माझ्याच घरात येईल की, तुझ्या न्हाई."

यंदा आषाढात एक दिवस तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि आम्हा दोघांना सांगून टाकलं. "यंदाची येळवस माझ्या रानात. समद्यांनी यायचं."

"कुठं घेतलंत वो रान?" वीरण्णा म्हणाले.

तिनं पायाखाली बोट दाखवलं. वीरण्णांना हसू आवरेना, त्यांनी टॉवेलानं तोंड पुसायचं निमित्त केलं. मी तर हसलेच. "राजूबाई, वीस बाय तीसचा स्लॅब तुमचा. पांडव कुठं बसवणार, टाकीवर?"

"टाकीच्या खाली," ती म्हणाली. तिचं सगळं ठरलेलं होतं. भज्जीत पडणारी एकूण एक भाजी स्लॅबवरची, बाजारातलं एक पानसुद्धा नाही. बेसन आणि तीळ तेवढे दुकानाचे. चिंच माझ्या परसातली घेते म्हणाली, शेजार म्हणून. "तीस वर्स मी लोकांच्या रानात जेवले. एकदा तरी मला माझ्या रानात बोलवायचंय, नेत्रा. न्हाईतर मी मरेस्तोवर पाव्हणीच."

हे बोलताना तिचा आवाज एकदम खाली आला होता. मी लिंबाला पाणी घातलं.

त्यानंतर पाच महिने आमच्या सकाळच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. पाऊस दिवाळी झाली तरी जाईना, वाटाण्याचं बी दोनदा कुजलं. तिसऱ्यांदा लावलं. ते उगवलं तर माकडं आली. आमच्या गावची माकडं शिकलेली आहेत, वेलाला हात लावत नाहीत, शेंग तेवढी सोलून खातात आणि टरफलं माझ्या स्लॅबवर टाकतात. राजूबाईनं घरातल्या सगळ्या जुन्या साड्या काढून वाटाण्यावर मांडव घातला. लांबून बघणाऱ्याला वाटायचं लग्न आहे.

मग डिसेंबर लागला आणि आभाळ आलं. पाच दिवस सूर्य नाही. वालाला फूल ऐन भरात, आणि त्यावर माव्याची कीड पडली, कोवळे शेंडे काळे. राजूबाई सकाळी वेलाखाली डोकं धरून बसलेली.

"थंडी पडली की मावा आपोआप जातो," वीरण्णा म्हणाले. "उद्या ऊन हाय. शंभर टक्के."

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस.

मी दुकानातली औषधाची बाटली आणून भिंतीवर ठेवली. "हे एक झाकण मारा बघा. संध्याकाळी मावा गायब."

"नगं गं बाई. पाव्हण्यांच्या पोटात जायचंय ते."

मला जरा लागलंच. आम्ही पाच एकरावर तेच मारतो आणि तेच खातो, आजवर आमच्या पोटानं तक्रार केलेली नाही. करील तेव्हा बघू. राजूबाईनं मात्र साबणाचं पाणी केलं, रामकिशनचा दाढीचा जुना ब्रश काढला, आणि एकेक शेंडा, एकेक फूल त्या ब्रशानं धुतलं. चार दिवस ती हेच करत होती. मी म्हटलं, तुमी वालाची दाढी करायलाव का काय? ती हसली नाही. बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हिच्या जिवाला हे फार लागलंय.

ब्रश धरल्यापासून पाचव्या दिवशी ऊन पडलं. वीरण्णांनी त्या दिवशी पाऊस सांगितला होता. वाल वाचला, सगळा नाही, पण अर्धा किलो शेंग निघेल एवढा. वाटाणा दोन ओंजळी. हरभऱ्याची भाजी, मेथी, पात भरपूर. गाजरं फ्रीजमध्ये वाढल्यामुळं का काय, बोटाएवढीच राहिली, पण होती. येळवसच्या चार दिवस आधी राजूबाईनं भिंतीवरून मला सगळं दाखवलं, टोपलीत ठेवून, एकेक करून. मी सोनार असते तर दागिने दाखवायला आली असं वाटलं असतं.

आणि मग ती आवतण द्यायला निघाली. इस्त्रीची साडी, हातात कुंकवाचा करंडा. अकरा घरं. ज्या ज्या रानात ती जेवली होती ती सगळी. पाटलांचं, सरांचं, वीरण्णांचं, आमचं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच बिघडलं. आमच्याकडे येळवसच्या आवतणाला कुणी नाही म्हणत नाही. सणाच्या दिवशी अन्नाला नाही म्हणणं अशुभ. म्हणून प्रत्येक जण "येतो की" म्हणतो. म्हणणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला माहीत असतं, की ज्याला स्वतःचं रान आहे तो त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात जाऊच शकत नाही. त्याचे पांडव, त्याची पूजा, त्याचे पाव्हणे कुणी बघायचे? हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते एकाच माणसाला, जिनं जन्मात कुणाला बोलावलं नव्हतं. ती "येते" म्हणायची आणि यायची. म्हणून तिला वाटलं, "येतो" म्हणणारा येतोच.

अकरा घरांनी "येतो की" म्हटलं. मीही म्हटलं. "येते की, कामून येणार न्हाई? शेजारचं रान सोडून कुठं जाऊ?" वर असा विनोदही केला.

त्या दिवशी वीरण्णा मला हळूच म्हणाले, "सांगून टाकू या का तिला?"

"तुमी सांगा की."

"तुमी बाईमाणूस. तुमीच सांगितलेलं बरं."

असं करून आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं नाही. मनात म्हटलं, एवढी साधी गोष्ट, तिला कळेलच. आपल्या सोयीची असली की कुठलीही गोष्ट समोरच्याला कळेलच असं वाटतं.

येळवसच्या दिवशी हवा अशी, की वीरण्णांनाही चुकता आलं नाही. स्वच्छ ऊन, गार वारा. सकाळी आठला आमची जीप भरली. माणसं, भांडी, सतरंज्या, आंबिलीचं मडकं. राजूबाईच्या स्लॅबवरून भज्जीचा वास येत होता. टाकीच्या खाली कडब्याच्या दोन पेंढ्या टेकवून तिनं कोपी केली होती, आत चुन्याचे पाच दगड. तिनं वरून विचारलं, "नेत्रा, कवा येणार?"

"रानातली पूजा आटपून लगीच येते बघा. दुपारपस्तर."

"घाई नगं. मी थांबते."

जीपमध्ये बसल्यावर मालक म्हणाले, "खरंच जाणार हाइस का?" आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसू मला आजही आठवतं, आणि आठवलं की बरं वाटत नाही.

रानात नेहमीसारखी येळवस झाली. पूजा झाली, फोटो झाले. पंगत बसायच्या वेळी मला सारखं वाटत राहिलं की काहीतरी राहिलंय. मी घरच्यांना सांगितलं, लोणच्याची बरणी घरी राहिली, घेऊन येते. बरणी जीपमध्येच होती, मी ती पिशवीखाली सरकवली आणि पुतण्याच्या स्कूटरवर मागं बसले. बरणीसाठी मी चालले होते असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं, पण आता लपवून काय करायचं.

गाव सगळा मोकळा. कुत्रीसुद्धा रानात गेली होती. पुतण्या मला बोळाच्या तोंडाशी सोडून परत गेला. बोळात शिरले तर वरून माणसांचा आवाज. पुष्कळ माणसांचा. मला वाटलं, बघा, पाटील आले, सर आले, सगळे आले आणि आपणच तेवढे नाही आलो. राजूबाईच्या जिन्यानं वर गेले.

अकरा घरांतलं एकही माणूस नव्हतं. पलीकडच्या गल्लीत बांधकाम चाललंय, तिथली तेलुगू बोलणारी आठ-दहा माणसं लेकराबाळांसकट बसली होती. सरकारी दवाखान्यातली नर्स होती, कुठली तरी लांबची, कारवारकडची, ड्युटीच्या कपड्यातच. बसस्टँडजवळचा पंक्चरवाला होता. आणि कोपऱ्यात, युनिफॉर्मची टोपी मांडीवर ठेवून, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बँकेचा वॉचमन सुगत. वालाच्या वेलाखाली, पिंपांच्या मधी, फ्रीजच्या कडेला, जागा मिळेल तिथं पत्रावळी. राजूबाई वाढत होती. मला बघून थांबली.

"आलीस? बस."

बसायला जागा नव्हती. सुगतनं सरकून थोडी केली. मी बसले, आणि माझ्यापुढं पत्रावळ यायला वेळ लागला. आजूबाजूचे सगळे जेवत होते आणि मी रिकामे हात मांडीवर घेऊन बसून होते. माझ्या उभ्या आयुष्यात येळवसला मी अशी कधी बसले नव्हते. कुठं बघावं तेच कळेना.

"तुमी कसे काय आलाव?" मी सुगतला विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"अक्कांनी वरून हाक मारली. बँकेच्या दारात हुतो. मला वाटलं दुसऱ्या कुणाला मारायल्यात, म्हणून मी मागं बघितलं." तो भज्जीत उंडा कुस्करत म्हणाला. "चौदा वर्सं झाली मला ह्या गावात ड्युटी करायला. दर येळवसला समदा गाव माझ्या म्होरून जीपा भरून जातंय. कुणी गाडी थांबवली न्हाई."

तो तक्रार करत नव्हता. मला हवामान सांगावं तसं सांगत होता. त्या बँकेत आमचं खातं आहे. चौदा वर्षं मी त्याला नमस्कार करते, आणि येळवसला आम्ही कुणालाही उपाशी ठेवत नाही.

राजूबाईनं मला पत्रावळ दिली, भज्जी वाढली. भज्जी छान झाली होती. खोटं कशाला बोलू, आमच्या रानातल्यापेक्षा छान. मी मान वर करून म्हटलं, "राजूबाई, मी येणारच हुते. पूजेलाच उशीर झाला."

ती माझ्यापुढं टेकली. हातात डाव तसाच.

"नेत्रा, मी साडेबारापस्तर हितं पन्नास पत्रावळ्या मांडून बसले हुते. पाटलांना फोन केला, तर ते रानात. सरांना केला, ते रानात. म्हणले, अहो राजूबाई, आमचं रान सोडून आमी कसं येणार, तुमाला कळू ने का? मग मी लई रडले." हे ती साध्या आवाजात बोलली, पदरानं हात पुसत. "रडून झाल्यावर म्हटलं, चाळीस-पन्नास माणसांचं शिजलंय, सांडून देऊ का? म्हणून कठड्याला उभी ऱ्हायले आणि दिसंल त्याला हाक मारली."

"बरं केलाव," मी म्हटलं.

"ते व्हय. पण मला एक सांग." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी समदे 'येतो' म्हणताव आणि येत न्हाईत, ते मला आज कळलं. मग तीस वर्सं तुमी मला 'या' म्हणायचाव, ते बी असंच असायचं का? नुस्तं म्हणायचं म्हणून? आणि मी खुळी, लेकरू आणि नवरा घेऊन खरंच येऊन बसायची?"

पंक्चरवाल्यानं पाणी मागितलं. नर्सनं उठून दिलं.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. पहिल्या वर्षी राजूबाई, रामकिशन आणि बारका हरिओम बांधावरून येताना दिसले, तेव्हा सासूबाई भाकरीची टोपली झाकत म्हणाल्या होत्या, आता हे आलेच का, बोलावलं म्हणून काय खरंच यायचं असतंय? आणि मी नवी सून, तोंडाला पदर लावून हसले होते. पुढं तिच्या हातचे उंडे चांगले व्हायला लागले, भांडी घासून मिळायला लागली, तेव्हा आम्ही तिला मनापासून बोलवायला लागलो. हे सगळं मला पक्कं माहीत होतं. मला लाज वाटली.

"न्हाई वो राजूबाई," मी म्हटलं. "तसं कसं असंल?"

तिनं हातातला डाव सावरला.

"बरं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. सुगतला तिनं आणखी भज्जी घ्या म्हटलं, तो नको नको म्हणत असताना वाढली. बांधकामावरच्या बायकांना हातानं धरून बसवून वाढली. नर्सला डबा भरून देते म्हणाली. माझी पत्रावळ रिकामी झाली होती. ती दोनदा माझ्यावरून गेली, आणि अजून वाढू का म्हणून तिनं मला विचारलं नाही.